वऱ्हाड परदेशातून येतंय, हिंडवायचं कुठे?

प्रश्न : माझ्या मुलीचं लग्न डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात आहे. जावई जर्मनीचे. त्यांच्याकडून चौदा जण येतायत. सर्वांत धाकटी सहा वर्षांची आणि जावयांच्या आजी अठ्ठ्याहत्तरच्या. मुक्काम सहा दिवस. त्यातले तीन मेंदी, हळद आणि लग्नात जातील, तीन मोकळे. ह्यांनी कागदावर यादी केलीय : शनिवारवाडा, सिंहगड, लोणावळा, महाबळेश्वर आणि जमलं तर अजिंठा. एवढ्या लांबून येतायत, काही राहून जायला नको असं वाटतं. कसं बसवायचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, यादी वाचली आणि मला माझ्या भाच्याचं लग्न आठवलं. त्याच्या सासरची मंडळी कॅनडाहून आली होती. मी तर गाइड, त्यामुळे सगळ्यांनी त्यांना विश्वासाने माझ्या हवाली केलं. एका दिवसात मी कार्ला केलं, लोणावळा केलं, येताना अंधारात आणखी एक देऊळ केलं. परतायला रात्रीचे साडेदहा वाजले. दुसऱ्या दिवशी हळदीला नवरीची आई खोलीत झोपून होती, ताप आणि उलट्या. मुलीला हळद लागताना आई शेजारी नव्हती. त्या बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण मला ते आजही सलतं. तेव्हापासून लग्नाच्या पाहुण्यांसाठी मी एकच नियम पाळते : एका दिवसाला एक ठिकाण. काही राहून गेलं तर ते पुन्हा येतील. आता तुमचे व्याहीच आहेत ते.

अजिंठा आधी यादीतून काढा. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, तिथून अजिंठा आणखी शंभर. लग्न पार पडल्यावर कोणी थांबणार असेल तर दोन रात्री तिकडे मुक्काम करून वेरूळ आणि अजिंठा दोन्ही नीट बघावं. फक्त वार जपा : वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. महाबळेश्वरही काढा. जायचे-यायचे सहा-सात तास गाडीत जातात, आणि नाताळच्या आसपास तिथे पुणं-मुंबईच लोटलेलं असतं.

आता तीन दिवस.

पहिला दिवस अर्धाच धरा. हिवाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. तुम्ही सकाळी सहाला गाडी दारात उभी केलीत तर त्यांच्या अंगात रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्यांना झोपू द्या, निवांत जेवू द्या आणि दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालयात न्या. दिनकर केळकर म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि जन्मभर गावोगाव फिरून वस्तू गोळा केल्या. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, दरवाजे. वीस हजारांवर वस्तू आहेत. शिवाय तुमच्या कोथरूडचा मस्तानी महालही तिथे आहे, सुटा करून आणून पुन्हा उभा केलेला. मी पाहुण्यांना अडकित्त्यांच्या कपाटापाशी हमखास थांबवते. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण कुणी त्याची घोडी केलीय, कुणी पोपट, कुणी बायकोचा आणि नवऱ्याचा चेहरा समोरासमोर ठेवलाय. मग सांगायचं की लग्नात तुमच्या हातात विडा येईल, त्यातली सुपारी ही. म्हणजे विडा हातात येईल तेव्हा तो त्यांच्या ओळखीचा असेल.

दुसरा दिवस पेठांचा, पायी. शनिवारवाड्याविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाहुणे आत गेल्यावर ‘राजवाडा कुठे आहे?’ असं विचारतात आणि आपण ओशाळतो. पहिल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वाडा उभा राहिला आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं. उरलंय ते दगडी तट, जोती आणि दिल्ली दरवाजा. तेव्हा दरवाजापाशीच वेळ घालवा. हत्तीने मस्तक आपटू नये म्हणून ठोकलेले ते अणकुचीदार खिळे लहान मुलीला दाखवा. तिथून लाल महाल, कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, विश्रामबागवाडा, तुळशीबाग आणि मंडई. सगळं रमतगमत दोन-अडीच तासांचं आहे. मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ ची. वर युरोपातल्यासारखं छप्पर आणि खाली मेथीच्या जुड्यांचे ढीग, हे त्यांना फार आवडतं. मोठ्यांदा भाव पुकारणाऱ्या बायकांचे फोटो काढण्याआधी विचारायचं, एवढं सांगून ठेवा. विचारलं की त्या पदर सावरून नीट बसतात आणि फोटो कितीतरी चांगला येतो.

आजींना हे चालणं झेपणार नाही. त्यांना त्याच वेळी गाडीने आगाखान पॅलेसला न्या. पण ड्रायव्हरबरोबर एकट्या पाठवू नका, घरातलं कुणीतरी सोबत द्या. जागा सपाट आहे, झाडं जुनी आहेत, बसायला सावली आहे. १८९२ मध्ये बांधलेली ही वास्तू. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना इथे स्थानबद्ध केलं. १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई गेले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. युद्ध लहानपणी कानांवरून गेलेल्या पिढीतली जर्मन माणसं तिथे फार वेळ गप्प उभी राहतात, हे मी कितीदा पाहिलंय. घाई करू नका.

संध्याकाळी सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव त्या तारखांना येतोय का बघा. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव साधारण डिसेंबरातच असतो. पाहुण्यांपैकी दोघं-तिघं तरी गाणंबजावणं जाणणारी निघतात. त्यांना एक संध्याकाळ मांडवात बसवा. सगळ्यांना नेऊ नका, सहा वर्षांची मुलगी कंटाळेल.

तिसरा दिवस मी लोणावळ्याऐवजी कार्ला आणि भाजे या लेण्यांकडे नेईन, आणि दोन्हीही नाही, त्यातलं एक. मी कार्ला निवडते. पुण्याहून साठेक किलोमीटर. खालून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या. एकवीरा आईचं देऊळ अगदी चैत्याच्या, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाच्या, दारातच आहे, त्यामुळे रविवार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा सोडून जा. कोळी आणि आगरी घरांची ती कुलदेवता, गर्दी असणारच. तुमच्या तारखेला मधला वार मिळाला तर उत्तम.

चैत्य पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणून सकाळी उठून धावू नका. उशिरा निघा, जेवण वाटेत करा आणि दुपार कलताना वर पोहोचा. समोरच्या पिंपळपानी खिडकीतून ऊन तेव्हा आत शिरतं. मी दारात सगळ्यांना थांबवते आणि सांगते, आधी डोळे आत स्थिरावू द्या. मग अंधारातून एकेक खांब पुढे येतो. खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती, हत्तींवर जोडीजोडीने बसलेली माणसं. पंचेचाळीस मीटर लांब सभागृह, चौदा मीटर उंच. मान वर केली की छताला लाकडाच्या कमानी दिसतात. सगळं दगडात कोरलेलं असताना हे लाकूड कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. आधी अशी सभागृहं लाकडाची बांधत, कारागिरांच्या हाताला तेच वळण होतं, म्हणून दगड कोरल्यावरही त्यांनी वर लाकडी फासळ्या बसवल्या. त्या सागवानी फासळ्यांना आणि स्तूपावरच्या लाकडी छत्रीला दोन हजारांच्या जवळपास वर्षं झालीत.

आणि आता ताई, ज्यासाठी मी तुम्हाला कार्ल्याला पाठवतेय ते. त्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं आहेत. हा खांब अमक्याने दिला, तो तमक्याने. त्यातले बरेच ‘धेनुकाकट’ गावचे, आणि त्यांतल्या कित्येकांनी स्वतःला ‘यवन’ म्हटलंय. म्हणजे ग्रीक, किंवा तिकडून पश्चिमेकडून आलेले लोक. समुद्रावरून व्यापाराला आले, इथे राहिले, इथल्यासारखी नावं घेतली आणि डोंगरातल्या भिक्षूंसाठी एकेक खांब देऊन गेले. जावयांच्या वडिलांना त्या अक्षरांपाशी उभं करा आणि हे सांगा. मी एकदा एका व्याह्यांना असंच सांगितलं होतं. ते थोडा वेळ त्या खांबाकडे बघत राहिले, मग मागे वळून बायकोला म्हणाले, ‘म्हणजे आपण पहिले नाही.’ लग्नात बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी हीच गोष्ट सांगितली.

तरण्या मंडळींना एवढ्याने पुरणार नाही. त्यांना वेगळी गाडी देऊन सकाळीच जवळच्या लोहगडावर पाठवा आणि दुपारी कार्ल्याला भेटायला सांगा. चार दरवाजे एकामागून एक, वर विंचूकाट्याची माची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात लोहगड आहे. घरचा एखादा भाऊ किंवा मामेभाऊ सोबत द्या. किल्ल्यावर भाड्याच्या गाइडपेक्षा नवरीचा भाऊ बरोबर असण्यात वेगळी मजा आहे, आणि मांडवात पोहोचेपर्यंत त्यांची दोस्ती झालेली असते.

सिंहगड मात्र सुट्टीच्या दिवशी नको. गाड्यांच्या रांगेतच दुपार होते. मधल्या वारी कुणी पहाटे उठायला तयार असेल तर आतकरवाडीहून पायी चढा, देवटाक्याचं पाणी बघा, तानाजी मालुसऱ्यांची समाधी बघा, पिठलं-भाकरी खा आणि अकराच्या आत खाली या. दह्याचं मडकं आणि कच्चा कांदा परदेशी पोटाला लग्नाआधी देऊ नका. लग्नानंतर खुशाल.

आणि एक, हे फिरणं नाही पण फिरण्याहून मोठं आहे. बांगड्या भरायला कासार घरी येतील त्या सकाळी जावयांच्या आईला, आजीला, बहिणींना बोलवा. कासारांना आधी सांगून ठेवा की दोन-दहा आणि त्याहून मोठ्या मापाच्याही आणा, कारण त्या बायकांचे हात रुंद असतात आणि बांगडी चढली नाही की त्यांना उगाच लाज वाटते. हात सैल सोड, असं खुणेने सांगून कासार अंगठ्याखालचं हाड दाबतात, बांगडी सर्रकन मनगटावर येते आणि ती बाई आश्चर्याने हसते. तो चेहरा तुमच्या मुलीला बघू द्या.

प्रश्न : लग्न साताऱ्याला आहे, जानेवारीत. मुलाचे पोर्तुगालचे पाच मित्र येणार आहेत, मोकळा एकच दिवस. त्यांनी इंटरनेटवर कासच्या फुलांचे फोटो पाहिलेत आणि तिथेच जायचं म्हणतायत.
– एक वाचक, सातारा

उत्तर : त्यांना आजच कळवून टाका की जानेवारीत कासला फुलं नसतात. तो बहर पावसाळ्याच्या शेवटाचा, साधारण सप्टेंबरचा. जानेवारीत वाळलेलं गवत आणि तलाव दिसेल. फोटो बघून आलेल्या माणसाचा विरस होतो आणि यजमानाला वाईट वाटतं.

पोर्तुगालचे आहेत म्हटल्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे : मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या देवळाच्या आवारात एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. जवळ जाऊन बघू द्या. कृष्णाकाठी, शंकराच्या दारात आपल्या गावचा आवाज लटकलेला पाहून त्यांना काय वाटेल ते मी सांगू शकत नाही. तुम्ही मात्र युद्धाची गोष्ट सरळ सांगा, झाकू नका. मित्रांशी असं मोकळं बोलता येतं.

वाईत ढोल्या गणपती, घाट, जेवण. परतताना लिंब गावची बारा मोटेची विहीर बघा. वरून शिवलिंगासारखा आकार आणि आत उतरलं की चक्क छोटा राजवाडा. अंधार पडायच्या आत तिथे पोहोचा. दिवस भरला.

प्रश्न : माझी भाची अमेरिकेची नागरिक आहे, पण तिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) कार्ड आहे. तिला किल्ल्या-लेण्यांवर परदेशी दराचं तिकीट काढावं लागेल का? आणि तिच्या अमेरिकन मैत्रिणी हॉटेलात न राहता दिरांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहणार आहेत, त्यात काही अडचण?
– एक वाचक, पुणे

उत्तर : राष्ट्रीय स्मारकांवर ओसीआयधारकांना भारतीयांइतकंच तिकीट आहे. मात्र मूळ कार्ड जवळ हवं. फोनमधला फोटो खिडकीवर चालेलच असं नाही. मैत्रिणींना परदेशी दर लागेल, तो बराच जास्त असतो. त्यांची तिकिटं तुम्ही आधीच काढून ठेवा म्हणजे खिडकीशी उगाच संकोच नको.

फ्लॅटची गोष्ट गांभीर्याने घ्या. परदेशी नागरिक आपल्याकडे मुक्कामाला आला की त्याच्या मुक्कामाचा फॉर्म (पूर्वी त्याला ‘फॉर्म सी’ म्हणत) चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो. लोकांना वाटतं तो फक्त हॉटेलांनी भरायचा. घरमालकालाही तो लागू आहे. म्हणजे तुमच्या दिरांना. आधी नोंदणी करून ठेवा, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती मागवून घ्या. लग्नघरात त्या दिवशी कुणालाही वेळ नसतो.

मैत्रिणींपैकी कुणी डोंगरात हिंडणारी असेल तर तिला एक विचारा : उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन ती आणतेय का? तिकडे ते सर्रास पाठपिशवीत असतं. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगायला बंदी आहे आणि विमानतळावर परदेशी माणसं त्यापायी अडकलेली आहेत. घरीच ठेवून यायला सांगा. ड्रोनचंही तेच.

अमेरिकेहून येणारे पहिले दोन दिवस पहाटे तीनला टक्क जागे असतात. त्याचा उपयोग करून घ्या. घरातलं जे कुणी लग्नाची फुलं आणायला मार्केट यार्डातल्या फूलबाजारात जाणार असेल, त्याच्याबरोबर त्यांना पाठवा. झेंडूची पोती, शेवंती, ओल्या गोणपाटाचा वास, आणि सगळं उजाडायच्या आत.

प्रश्न : लग्नानंतर नवरानवरीला घेऊन जेजुरीला जायचं आहे, खंडोबा आमचं कुलदैवत. सुनेच्या माहेरचे लोक फ्रान्सचे आहेत आणि त्यांना यायचंय. सासूबाई म्हणतात, त्यांना कळणार नाही, गर्दीत त्रास होईल. न्यावं का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : जरूर न्या. सासूबाईंची काळजी गर्दीपुरती खरी आहे, तेव्हा रविवार, पौर्णिमा, सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठी टाळा. पण कळणार नाही हे मला पटत नाही. आपली मुलगी ज्या घरात आली त्या घराचा देव कोण, हे बघायला ते येतायत. यासारखं दुसरं कोणतं ठिकाण मी त्यांना सुचवणार?

गाडीत बसल्यावर एवढंच सांगा : हा मल्हारी मार्तंड, घोड्यावरचा देव, त्याने मणी आणि मल्ल या दैत्यांना मारलं. त्याच्या दोन बायका, म्हाळसा आणि बाणाई, एक लिंगायत वाण्याची, एक धनगराची. दोन वेगळ्या घरांतल्या. ही गोष्ट फ्रान्सच्या विहीणबाईंना फारशी समजावून सांगावी लागणार नाही.

पायऱ्यांपाशी तुमचा मुलगा सुनेला उचलून पाच पायऱ्या चढेल, तेव्हा तिच्या वडिलांना पुढे उभं करा. मागून त्यांना काहीच दिसत नाही. वर दीपमाळांच्या मधून आत गेलात की भंडारा उधळण्याआधी त्यांच्या ओंजळीतही द्या आणि ‘यळकोट यळकोट’ म्हटल्यावर ‘जय मल्हार’ म्हणायचं, हे खालीच दोन-तीनदा म्हणून घ्या. सगळ्यांच्या मुठी एकदम वर जातात, क्षणभर ऊनसुद्धा पिवळं होतं, आणि खाली बघावं तर दगडी फरशीवर पायांचे ठसे उमटत असतात, सगळ्यांचे एकाच रंगाचे.

जोर असेल तर येताना भुलेश्वरचं देऊळ करा. नसेल तर सरळ घरी या, संध्याकाळी जागरण-गोंधळ असेल तर वाघ्या-मुरळी यायच्या आत त्यांना तासभर पाठ टेकू द्या.

कॅमेरे आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, भंडारा बारीक भेगेतही शिरतो. दम्याचं कुणी असेल तर त्यांना उधळणीच्या वेळी कडेला तटाशी उभं करा आणि नाकावर रुमाल द्या. कपडे जुने पांढरे घालायला सांगा आणि गाडीच्या सीटवर चादरी अंथरा. पांढरा सदरा ते धुणार नाहीत, माझ्या ओळखीच्या एका घराने तो तसाच घडी घालून परत नेला होता.